तेलताडाच्या मळ्यावर नव्याने रुजू होताना : मजुराचे शरीर, अवजारे आणि दिवसाची तोडणी

तेलताडाच्या मळ्यावर देखरेखीसाठी नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी दोन गोष्टी येतात : हजेरीपट आणि तोडणीचे टनांतले लक्ष्य. या दोहोंतून माणसे किती आली आणि माल किती निघाला एवढे कळते. तो माल काढताना मानेवर, खांद्यांवर आणि कमरेवर किती भार पडला, आणि त्यातला किती भार टाळता आला असता, हे मात्र त्यांत कुठेच लिहिलेले नसते. हा लेख त्या दुसऱ्या हिशेबाविषयी आहे. काम माणसाच्या शरीराला जुळेल अशा रीतीने मांडण्याच्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. मळ्यावर त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘गुडघे वाकवून वजन उचला’ असा फलक लावण्यापुरता उरतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी उचलण्याची संख्या कमी करावी, मग अवजार सुधारावे, मग उन्हाचे आणि विश्रांतीचे वेळापत्रक बसवावे, आणि उचलण्याची पद्धत शिकवणे हे सर्वांत शेवटी ठेवावे. पुढच्या पायऱ्या याच क्रमाच्या आधाराने लिहिल्या आहेत.

पिकाची ओळख, शरीराच्या बाजूने

तेलताड हे मूळचे पश्चिम आफ्रिकेतले झाड आहे. १८४८ मध्ये त्याची चार रोपे जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली, आणि आज जगातल्या पामतेलापैकी चार-पंचमांशांहून अधिक तेल इंडोनेशिया व मलेशिया या दोन देशांतून येते. झाडे साधारणपणे ९ मीटर अंतराच्या त्रिकोणी मांडणीत लावतात, म्हणजे हेक्टरी सुमारे १४३ झाडे बसतात. लागवडीनंतर अडीच-तीन वर्षांनी तोडणी सुरू होते आणि झाड सुमारे २५ वर्षांचे होईपर्यंत चालते. या काळात दोन गोष्टी एकाच वेळी वाढत जातात : घडाचे वजन सुरुवातीच्या चार-पाच किलोंवरून पंधरा-वीस किलोंच्या आणि क्वचित त्याच्याही पलीकडे जाते, आणि खोड दरवर्षी साधारण अर्धा मीटर उंच होते. ज्या माणसाने विशीत असताना कोवळ्या झाडांची तोडणी सुरू केली, त्याला चाळिशीत त्याच झाडांचा अधिक उंचावरचा आणि अधिक जड घड काढावा लागतो. शरीराचा उतार आणि कामाचा चढ एकाच वेळी यावेत अशीच या पिकाची रचना आहे.

दुसरी गोष्ट घाईची. तोडलेल्या घडातील विकरे तेलाचे विघटन करू लागतात, मोकळी मेदाम्ले वाढतात आणि तेलाची प्रत उतरते, म्हणून घड तोडल्यापासून २४ तासांच्या आत गिरणीत पोहोचवण्याची धडपड असते. फळ जितके खरचटलेले, तितकी ही क्रिया वेगाने होते. हा मुद्दा नवख्याने मनात पक्का करावा, कारण घड जितक्या वेळा उचलून फेकला जातो तितक्या वेळा माणसाची कंबरही झिजते आणि फळही ठेचले जाते. मजुराचे हित आणि गिरणीचे हित यांत जो विरोध सांगितला जातो, तो निदान या ठिकाणी तरी खरा नाही.

इंडोनेशियातील मळ्यांवर काम असेल तर रोजच्या वापरातले काही शब्द आधी शिकून घ्यावेत. बुटक्या झाडांवर वापरायच्या, लांब दांड्याच्या रुंद छिन्नीला तेथे ‘दोदोस’ म्हणतात, उंच झाडांसाठीच्या काठीला बांधलेल्या विळ्याला ‘एग्रेक’, घड ओढण्या-उचलण्याच्या लोखंडी आकड्याला ‘गांचू’, एकचाकी हातगाडीला ‘आंगकोंग’, घडातून गळून पडलेल्या सुट्या फळांना ‘ब्रोंदोलान’ आणि मुकादमाला ‘मांडोर’. मजूर आपले दुखणे याच शब्दांत सांगतात. ‘एग्रेक जड झाला आहे’ या वाक्याचा अर्थ काठीचे वजन वाढले असा नसून विळ्याची धार गेली असा असू शकतो, आणि ते समजायला शब्दकोशापेक्षा आठवडाभराची सोबत अधिक उपयोगी पडते.

पायरी पहिली : एका घडाच्या मागे चालावे

पहिल्या आठवड्यात कोणतीही सुधारणा सुचवू नये. वही घ्यावी, एका तोडणीवाल्याची परवानगी घ्यावी आणि तोडणीपासून ट्रकपर्यंत घडाच्या मागे चालत राहावे. घड जमिनीवर पडल्यापासून किती वेळा माणसाच्या हातांनी हलवला गेला, प्रत्येक वेळी तो कोठून कोठे गेला, हात कोणत्या उंचीवर होते आणि शरीरापासून किती लांब होते, एवढेच टिपावे. हेच निरीक्षण सकाळी सातला, अकराला आणि दुपारी, असे तीन वेळा करावे, कारण सकाळी ताज्या दमाने काम करणारा माणूस आणि दुपारी थकलेला तोच माणूस घड एकाच पद्धतीने उचलत नाहीत.

समजा, एका माणसाने दिवसात ८० घड काढले आणि एका घडाचे सरासरी वजन २० किलो आहे. कागदावर त्याचे काम १,६०० किलोंचे दिसते. पण तो घड जमिनीवरून हातगाडीत, हातगाडीतून रस्त्याकडेच्या फलाटावर आणि फलाटावरून ट्रकमध्ये गेला असेल, तर एकूण ४,८०० किलो वजन हातांनी हलले. एखादी फेरी वाचवता आली, उदाहरणार्थ फलाटावर रचण्याऐवजी घड थेट जाळीत टाकून ती जाळी यंत्राच्या हाताने उचलली, तर १,६०० किलो हाताळणी वाचते आणि टनामागचा वेळही वाचतो. हा हिशेब व्यवस्थापकासमोर ठेवला की दुखण्याविषयीच्या चर्चेला जे लक्ष मिळत नाही, ते याला मिळते.

एक घड उचलणे कितपत धोक्याचे आहे हे ठरवण्यासाठी कामगारांच्या सुरक्षिततेवर व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेचे १९९१ मध्ये सुधारलेले उचलण्याचे सूत्र उपयोगी आहे. सर्व परिस्थिती आदर्श असेल, म्हणजे वजन शरीरालगत आणि साधारण मांडीच्या वरच्या उंचीवर असेल, तर हे सूत्र २३ किलोंपासून सुरुवात करते आणि परिस्थिती बिघडेल तसे त्या आकड्याला गुणकांनी कमी करत नेते. तेलताडाचा घड काटेरी असतो, त्यामुळे तो छातीशी धरता येत नाही आणि हात शरीरापासून सहज ५० सेंटिमीटर पुढे जातात. एवढ्या एका कारणाने मर्यादा निम्मी होते. हात जमिनीपासून केवळ १५ सेंटिमीटरवर असतील तर ०.८२ ने आणखी गुणावे लागते, आणि घड तेथून ६० सेंटिमीटर वर नेला तर साधारण ०.९० ने. गुणाकार केला की मर्यादा साडेआठ किलोंच्या आसपास येते. कंबर वळवणे आणि मिनिटाला होणारी उचल यांचे गुणक तर अजून लावलेलेच नाहीत. वीस किलोंचा घड या मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे. गुडघे वाकवण्याच्या शिकवणीने हा फरक भरून निघत नाही. घड आणि शरीर यांतले अंतर कमी करणारा चांगला गांचू आणि उचल वाचवणारी मांडणी यांनी तो काही अंशी भरतो.

शरीराच्या ठेवणीची नोंद अधिक शिस्तीने करायची असेल तर ‘ओवास’ किंवा ‘रेबा’ या निरीक्षणपद्धती वापरता येतात. पहिली १९७० च्या दशकात फिनलंडच्या पोलाद उद्योगात जन्मली, दुसरी २००० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि दोन्ही कागद-पेन्सिलीने वापरता येतात. कुणाला कुठे दुखते हे विचारण्यासाठी शरीराचे रेखाचित्र छापून त्यावर खुणा करून घ्याव्यात. मात्र हे काम मुकादमासमोर करू नये, कारण काम कमी मिळण्याच्या भीतीने मजूर ‘काही दुखत नाही’ असेच सांगतात.

पायरी दुसरी : मान वाचवायची तर जमीन स्वच्छ ठेवावी

हे विधान विचित्र वाटेल, पण ते शब्दशः घ्यावे. घड पिकला की त्यातली काही फळे गळून बुंध्याशी पडतात, आणि बहुतेक मळ्यांवर जमिनीवर ठरावीक संख्येने सुटी फळे दिसणे हीच तोडणीयोग्य घडाची खूण मानतात. बुंध्याभोवतीचे दीड-दोन मीटरचे आळे तणमुक्त असेल, तर तोडणीवाला चालता चालता खाली पाहूनच ठरवतो की या झाडाखाली थांबायचे की पुढे जायचे. आळ्यात गवत माजले असेल तर त्याला प्रत्येक झाडाखाली मान मागे टाकून वर पाहत फिरावे लागते. मानेच्या मागच्या बाजूचा तो ताण शे-दीडशे झाडांपर्यंत साठत जातो, आणि त्यात कच्चा घड तुटण्याची शक्यताही वाढते. तणनियंत्रणाचा खर्च वेगळ्या खात्यात आणि मानदुखी कोणत्याच खात्यात नाही, म्हणून हा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

तोडणीच्या फेरीचे अंतरही असेच दूरवर परिणाम करते. फेरी १० ते १५ दिवसांवरून वीस-पंचवीस दिवसांवर गेली की घड जास्त पिकतो, सुटी फळे कित्येक पटींनी वाढतात आणि ती वेचण्यासाठी वाकणाऱ्या माणसांचे काम वाढते. मजूर कमी पडले म्हणून फेरी लांबवणे हा उपाय वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे तेच काम अधिक वाईट शारीरिक स्थितीत आणि अधिक वेळ घेऊन परत येते.

पायरी तिसरी : काठी, विळा आणि उभे राहण्याची जागा

खोडाची उंची साधारण तीन मीटरच्या आत असते तोवर दोदोस पुरतो. त्यात ढकलण्याची हालचाल असते आणि ताण खांद्यांवर व कमरेवर येतो. त्यापुढे एग्रेक येतो आणि सगळी हालचाल बदलते. लांब काठी वर उभी धरायची, विळा घडाखालच्या झावळीच्या देठाला अडकवायचा आणि खाली ओढायचे. आधी झावळी, मग घड. काठी जितकी लांब तितकी ती लवचीक होते, टोक डोलते, आणि ते टोक स्थिर ठेवण्यातच दंड व खांदे थकतात. कापण्याला लागणारे बळ त्या मानाने क्षणभराचेच असते. म्हणून काठी निवडताना एकूण वजनापेक्षा टोकाकडचे वजन आणि डोलणे पाहावे. मिश्रधातूची काठी बांबूपेक्षा हलकी व सरळ असते आणि तिचे तुकडे जोडून उंची वाढवता येते, पण ती वीजवाहक आहे. मळ्यातून विजेच्या तारा जात असतील तर त्या पट्ट्यातील झाडे नकाशावर रंगवून वेगळी काढावीत आणि तेथे धातूची काठी नेण्यास पूर्ण मनाई करावी. या एका बाबतीत सवलत देऊ नये, मग लक्ष्य कितीही मागे पडो. समोर तातडीचा धोका दिसत असताना कामातून बाजूला होण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००१ च्या १८४ क्रमांकाच्या शेतीविषयक करारात स्पष्ट लिहिलेला आहे, हेही मुकादमाला माहीत असावे.

धारेविषयी थोडे सविस्तर. बोथट विळ्याने एका ओढीत तुटणारा देठ तीन-चार झटक्यांत तुटतो, आणि प्रत्येक झटका हातांमार्फत खांद्यात जातो. बहुतेक मळ्यांवर धार लावणे हे मजुराचे घरचे, म्हणजे बिनपगारी काम समजले जाते, त्यामुळे ते टाळले जाते. दिवसात दोनदा, ठरलेल्या वेळी आणि कामाच्या तासांत धार लावण्याची सोय करावी. कानस प्रत्येकाजवळ असावी आणि विळ्याला वाहतुकीसाठी आवरण असावे, कारण उघडा विळा खांद्यावर टाकून दुचाकीवरून जाणारा माणूस स्वतःला आणि मागच्याला सारखाच धोक्याचा असतो. माझ्या अंदाजाने कोणत्याही मळ्यावर सर्वांत कमी पैशांत सर्वांत लवकर फरक दाखवणारी सुधारणा हीच आहे.

उभे राहण्याची जागा नवख्या तोडणीवाल्याला शिकवावी लागते. घडाच्या सरळ खाली उभे राहू नये हे सर्वांना ठाऊक असते. पण फार दूर उभे राहिले तर काठी तिरकी होते आणि तिचा सगळा भार हातांवर येतो. बाजूला सरकून, पाय पुढे-मागे ठेवून, हातांच्या हिसक्याऐवजी शरीराचे वजन मागे टाकून ओढावे, आणि ओढण्यापूर्वीच मागे हटण्याची वाट पाहून ठेवावी. घड पडताना डोळ्यांत कचरा जातो, म्हणून चष्मा व हेल्मेट दोन्ही लागतात. हेल्मेटची कड मागे टेकून मानेला अडत असेल तर मजूर ते काढून ठेवणार हे उघड आहे. अशा वेळी दंड करण्यापेक्षा आखूड कडेचे हेल्मेट मागवावे.

मलेशियाच्या पाम तेल मंडळाने विकसित केलेले ‘कांतास’ आणि त्यासारखे मोटारीवर चालणारे कापणी यंत्र मध्यम उंचीच्या झाडांवर चांगला वेग देते. ते हाताचे झटके वाचवते, पण त्या बदल्यात वजन, आवाज आणि कंपन आणते. कंपनासाठी युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाचे आकडे मापदंड म्हणून घ्यावेत : आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला उपाय सुरू करावेत आणि ५ च्या पुढे काम होऊ देऊ नये. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत कंपन ५ लिहिले असेल, तर दोन तासांच्या प्रत्यक्ष वापरातच पहिली पातळी गाठली जाते. म्हणून एका यंत्रामागे दोन प्रशिक्षित माणसे ठेवून तासा-दीड तासाने अदलाबदल करावी. बोटे पांढरी पडणे किंवा मुंग्या येणे ही तक्रार कुणी केली तर तिला थंडीचे कारण देऊन सोडून देऊ नये. आवाज ८५ डेसिबलच्या वर असेल तर कानांचे संरक्षण लागते.

उंचीचा शेवटचा प्रश्न मात्र काठीने सुटत नाही. झाडे बारा मीटरच्या पुढे गेली की तोडणीचा वेग घसरतो, पिकलेले घड झाडावरच राहतात, आणि अनुभवी माणसे तो पट्टा नाकारू लागतात. पुनर्लागवड केव्हा करायची हा निर्णय सहसा उत्पन्नाच्या आलेखावरून घेतला जातो. त्या बैठकीत तोडणीवाल्यांच्या खांद्यांची नोंदही टेबलावर असावी.

पायरी चौथी : वाट आणि हातगाडी

वाटेसाठी सहसा कुणी वेगळे पैसे ठेवत नाही, आणि नेमके तेथेच पैसे वसूल होतात. दर दोन ओळींमधली एक वाट तोडणीसाठी मोकळी ठेवून तोडलेल्या झावळ्या दुसऱ्या गाळ्यात रचतात. या शिस्तीत चूक झाली की हातगाडीला वळसे पडतात, देठाचे काटे पायांत जातात आणि चाक पंक्चर होते. चाकातली हवा कमी असेल तर ढकलण्याचे बळ बरेच वाढते, तरी हवेचा पंप बहुतेक वेळा कार्यालयात कुलपात असतो. तो गटाजवळ असावा. घड चाकाच्या बाजूला पुढे भरावेत, म्हणजे भार हातांऐवजी चाकावर जातो. हातांच्या मुठी मांडीच्या वरच्या उंचीला आल्या नाहीत तर दांडे वाकवून किंवा जोडून उंची बसवून घ्यावी. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या मऊ जमिनीवर आणि चरांवर फळ्यांचे किंवा काँक्रीटचे रुंद साकव लागतात. अरुंद ओंडक्यावरून वीस किलोंचा घड नेणारा माणूस तोल सावरताना कमरेला जो पीळ देतो, तो सरळ उचलण्यापेक्षा घातक असतो. उतार असेल तर गाडी खालच्या रस्त्याकडे जाईल अशी वाट आखावी. घड फलाटावर ठेवताना खाली वाकावे लागू नये म्हणून फलाट गाडीच्या तोंडाच्या उंचीचा असेल तर उत्तम, आणि ट्रकमध्ये भाल्याने टोचून डोक्यावरून घड फेकण्याचे काम शक्य तिथे यंत्राकडे सोपवावे.

पायरी पाचवी : सुटी फळे आणि ती वेचणारी माणसे

एकेक फळ साधारण दहा ग्रॅमचे असते. शंभर किलो सुटी फळे म्हणजे सुमारे दहा हजार फळे, आणि ती हाताने वेचणे म्हणजे दिवसभर वाकून किंवा उकिडवे बसून बोटांनी चिमटे घेणे. सुटी फळे पूर्ण पिकलेली असल्यामुळे त्यांत तेल भरपूर असते, म्हणून ती सोडणे मळ्याला परवडत नाही. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. इंडोनेशियात तोडणीवाल्याला मदत करणाऱ्या घरच्या माणसाला ‘कर्नेत’ म्हणतात. अनेकदा त्याचे नाव हजेरीपटावर नसते. नवख्या पर्यवेक्षकाने हे माणूस मोजले नाही, तर त्याची ‘प्रति मजूर उत्पादकता’ सुरुवातीपासूनच खोटी असते, कारण एकाच्या नावावर दोघांचे श्रम मांडलेले असतात. त्या मदतनिसांत मूल असेल तर प्रश्न अर्गोनॉमिक्सचा राहत नाही; ते काम त्याच दिवशी थांबवावे.

उपाय साधे आहेत. लांब दांड्याच्या दाताळ्याने फळे आधी एकत्र ओढावीत, जमिनीवर फिरवून फळे गोळा करणारे गोल जाळीचे साधन वापरून पाहावे, पोते वीस किलोंच्या आत भरावे आणि ते ओढत न नेता गाडीवर टाकावे. जमीन सपाट व आळे स्वच्छ असेल तरच ही साधने चालतात, म्हणजे पुन्हा दुसऱ्या पायरीकडे यावे लागते. फळांबरोबर माती आणि खडे कमी गेले की गिरणीच्या यंत्राची झीजही कमी होते, हे साधनांचा खर्च मंजूर करून घेताना सांगावे.

पायरी सहावी : फवारणी आणि खत

येथे थोडक्यात. पाठीवरच्या सोळा लिटरच्या टाकीत केवळ पाण्याचेच वजन सोळा किलो होते, म्हणून मिश्रणाची व पाण्याची ठिकाणे जवळजवळ ठेवून टाकी पूर्ण न भरण्याची सोय करावी, पट्टे रुंद असावेत आणि कमरेचा पट्टा आवर्जून लावावा. गळकी टाकी पाठीवर घेऊ देऊ नये; औषध घामाने भिजलेल्या त्वचेतून आत जाते. खताचे पन्नास किलोंचे पोते एका माणसाने उचलू नये, आणि खत बादलीतून एका हाताने फेकले जात असेल तर हात व बाजू आलटून-पालटून वापराव्यात.

या ठिकाणी एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. मलेशियात एके काळी परागीकरणासाठी माणसे झाडाझाडांवर जाऊन फुलोऱ्यावर पराग टाकत असत. कीटकशास्त्रज्ञ आर. ए. सय्यद यांच्या अभ्यासावरून १९८१ मध्ये कॅमेरूनमधला एक लहानसा सोंडकिडा तेथे आणून सोडला गेला आणि ते कष्टाचे काम जवळजवळ नाहीसे झाले, फळधारणाही सुधारली. हातांनी होणारे काम अधिक नीट कसे करावे हा प्रश्न न विचारता ते करावेच का लागते हा प्रश्न विचारल्याने काय होते, याचे याहून चांगले उदाहरण या पिकात दुसरे नाही.

पायरी सातवी : उष्मा

विषुववृत्तीय हवेत घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे नुसते तापमान पाहून धोका कळत नाही. आर्द्रता, ऊन आणि वारा यांचा एकत्र विचार करणारा ‘वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर’ (डब्ल्यूबीजीटी) हा निर्देशांक मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. ते तोडणीच्या पट्ट्यात ठेवावे, कार्यालयाच्या सावलीत ठेवू नये. अवजड तोडणी पहाटेच्या उजेडात सुरू करून अकराच्या आत संपवावी आणि दुपारसाठी धार लावणे, मोजणी, दुरुस्ती अशी कामे ठेवावीत. दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर पाणी प्यावे, मात्र तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये. पाणी माणसाजवळ असावे. दोनशे मीटरवर असलेले पाणी उक्त्या दराने काम करणारा माणूस पीत नाही.

उष्म्याने कोसळणाऱ्यांत नव्या माणसांचे प्रमाण मोठे असते, कारण शरीराला उष्म्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून नवख्याला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच काम द्यावे आणि रोज २० टक्क्यांहून अधिक वाढवू नये. रजेवरून परतलेल्यालाही टप्प्याटप्प्याने आणावे. बोलणे असंबद्ध होणे, गोंधळणे किंवा तोल जाणे ही लक्षणे दिसली की काम थांबवून, कपडे सैल करून, भरपूर पाणी अंगावर ओतत व वारा घालत शरीर लगेच थंड करावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी. थोडा वेळ पडून राहू दे, मग पाहू, असे म्हणू नये.

पायरी आठवी : दराची रचना तपासावी

वर सांगितलेले सगळे उक्त्या दरापुढे हरू शकते. घडामागे किंवा टनामागे पैसे मिळत असतील तर विश्रांती, पाणी, धार आणि चष्मा पुसणे यांतला प्रत्येक क्षण मजुराच्या खिशातून जातो. तीन मीटरच्या झाडाचा आणि दहा मीटरच्या झाडाचा दर एकच असेल तर उंच पट्ट्यात जाणारा माणूस दुहेरी तोट्यात असतो. म्हणून दर झाडाची उंची, उतार आणि जमीन यांनुसार वेगळे असावेत, सुट्या फळांचा दर स्वतंत्र असावा आणि तो वेचणाऱ्या व्यक्तीच्याच हाती पडावा, धार आणि विश्रांतीचा वेळ दरात धरलेला असावा. कच्च्या घडाबद्दल दंड करण्याची पद्धत असेल तर त्या दंडाची नोंद पट्ट्यानुसार पाहावी. एका पट्ट्यात दंड सारखे होत असतील तर दोष बहुधा माणसाचा नसून आळ्यांचा किंवा फेरीच्या अंतराचा असतो.

पायरी नववी : बदल करून मोजावा

एका वेळी एकच बदल, एकाच पट्ट्यात करावा आणि तशाच वयाचा, तशाच जमिनीचा दुसरा पट्टा जसाच्या तसा ठेवावा. तेलताडाचे उत्पन्न वर्षभर सारखे नसते, त्याला तेजीचे आणि मंदीचे महिने असतात. तेजीच्या महिन्यात धार लावण्याची पद्धत सुरू केली आणि टन वाढले, तर श्रेय कुणाचे हे सांगता येत नाही. दोन पट्टे शेजारी ठेवून किमान पाच-सहा फेऱ्या मोजल्या की काही बोलता येते.

मोजायचे काय, तर केवळ दिवसाचे टन मोजू नयेत. प्रत्यक्ष राबलेल्या प्रत्येक माणसामागचे, म्हणजे मदतनीस धरून, ताशी किलो. झाडावर राहून गेलेले पिकलेले घड. जमिनीवर राहिलेली सुटी फळे. कच्च्या घडांचे प्रमाण. दुखापतीने बुडालेले दिवस. आणि महिन्यातून एकदा शरीराच्या रेखाचित्रावरच्या खुणा, इतके रकाने एका पानावर बसतात. पहिल्या दोन फेऱ्यांत वेग थोडा कमी झालेला दिसेल, कारण नवी काठी किंवा नवी वाट अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर व्यवस्थापक प्रयोग बंद करायला सांगतात. म्हणून किती फेऱ्यांपर्यंत निकाल काढायचा नाही हे प्रयोग सुरू करण्यापूर्वीच लिहून, त्यांची सही घेऊन ठेवावे. सातव्या फेरीनंतर पहिल्या आठवड्यातली वही उघडावी, त्याच तोडणीवाल्याची पुन्हा परवानगी घ्यावी, त्याच घडाच्या वाटेवरून पुन्हा चालावे आणि हातांनी हलवण्याच्या खेपा आता किती राहिल्या आहेत ते मोजावे.